गाठीमागे एक रुपया

१९२०च्या सुमारास मुंबई शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. हा पैसा घरांसाठी होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचं खातं काढलं, ५० हजार खोल्या बांधायचा संकल्प सोडला आणि साडेसहा टक्के व्याजानं कर्ज उभारलं. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत खोल्या झाल्या सुमारे १६ हजार, म्हणजे संकल्पाच्या जेमतेम एक तृतीयांश. त्याच या बीडीडी चाळी.

मुंबईच्या घरांबद्दल आपण बोलतो तेव्हा बिल्डर, झोपडपट्टी आणि मतपेटी यांच्याबद्दल बोलतो. मला हा सगळा इतिहास पैशाच्या बाजूनं वाचावासा वाटतो. घराचे पैसे कुणी दिले, यावरच ते कुणाला मिळालं आणि कुठं मिळालं, हे या शहरात ठरत आलं आहे.

बीडीडीची अडचण कर्जात होती. व्याज भाड्यातून निघायला हवं होतं आणि तेवढं भाडं गिरणी कामगाराला परवडणारं नव्हतं. सरकारनं भाडं खर्चाच्या खाली आणलं, तोटा सोसला, तरीही १९२०चं दशक संपताना कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या. १६० चौरस फुटांची खोली, बेताचा उजेड, सामाईक संडास. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा सत्याग्रहींना डांबण्यासाठी तुरुंग म्हणून वापर झाला.

त्याच दशकात व्हिएन्ना शहरानं वेगळी वाट धरली. १९२३मध्ये तिथल्या नगरपालिकेनं घरबांधणी कर लावला. छोट्या घराला नाममात्र, बंगल्या-हवेल्यांना जबर, अशी त्याची चढती आकारणी होती. अर्थखातं सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर यांनी बांधकाम कर्जातून न करता या करातून आणि नगरपालिकेच्या महसुलातून केलं. डोक्यावर व्याज नसल्यामुळे भाडं फक्त देखभालीपुरतं ठेवता आलं, म्हणून ते कामगाराच्या पगाराचा अगदी लहानसा हिस्सा राहिलं. १९३४पर्यंत ६० हजारांवर घरं झाली. आज त्या नगरपालिकेच्या मालकीची सव्वादोन लाखांच्या आसपास घरं आहेत आणि ती भाड्यानंच दिली जातात. एकदा बांधलेलं घर तिथं पिढ्यान् पिढ्या शहराच्या हातात राहतं.

आपल्याकडे १९४७च्या कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू तरले, पण भाड्यासाठी नवी इमारत बांधणारा मालक हळूहळू दिसेनासा झाला. पुढे बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर एक संधी आली होती. १९९१च्या नियमानुसार विकसित होणाऱ्या गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे, एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेकडे जाणार होता. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली. सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये ती दुरुस्ती कायम केली. शहराच्या मध्यभागी आयती चालून आलेली एवढी जमीन निसटू देणं, ही मुंबईच्या नियोजनातली सर्वांत महागडी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९९५मध्ये सरकारनं मोफत घराची योजना आणली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. तिजोरीतून पैसा द्यायचा नाही, एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची मुभा द्यायची, हे तिचं सूत्र. झोपडीधारकांची संमती गोळा होते, ‘परिशिष्ट दोन’ या यादीत पात्र-अपात्र ठरतं, लोक संक्रमण शिबिरात किंवा बिल्डरनं दिलेल्या भाड्यावर दुसरीकडे जातात. बिल्डर पात्र कुटुंबांना मोफत घर बांधून देतो आणि त्या बदल्यात मिळालेलं वाढीव बांधकाम बाजारभावानं विकतो. ४० लाख लोकांसाठी आठ लाख घरांची घोषणा होती. तीस वर्षांत त्याच्या निम्मीही झाली नाहीत.

हे होणारच होतं. एफएसआयची किंमत जमिनीच्या भावावर असते. वरळीत ती सोन्यासारखी, म्हणून बीडीडीच्या जुन्या रहिवाशांना तिथंच ५०० चौरस फुटांचं घर मोफत देता येतं. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण जिथं विक्रीच्या फ्लॅटला भाव नाही, तिथं योजना वर्षानुवर्षं कागदावर राहते, आणि भाड्याचे धनादेश थांबलेली कुटुंबं अधांतरी लटकतात.

प्रकल्पबाधितांची घरंही याच हिशेबानं शहराच्या कडेला गेली. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना २०१७पासून माहुलला पाठवलं गेलं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, हवेत रसायनांचा वास. शाळा आणि काम मागं राहिलं. रहिवासी भांडले, आणि २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडं द्यायचा आदेश दिला. जमीन स्वस्त पाहून वाचवलेला पैसा असा परत द्यावा लागतो. मुलांच्या छातीत गेलेला धूर मात्र कुठल्याच आदेशानं परत निघत नाही.

भाड्याच्या घरांचा प्रयोगही झाला. २००८मध्ये एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणानं चार एफएसआयच्या बदल्यात बिल्डरांकडून खोल्या घेऊन त्या भाड्यानं द्यायचं ठरवलं. आकार १६० चौरस फूट, म्हणजे बीडीडी चाळीतल्या खोलीएवढाच. पुढे भाड्याचा विचार मागे पडला. पनवेलजवळ कोन इथं दोन-दोन खोल्या जोडून केलेली २४१७ घरं २०१६मध्ये गिरणी कामगारांना सोडतीत सहा-सहा लाखांना विकली. परळ-लालबागमध्ये आयुष्य घालवलेल्यांना कोनमध्ये घर.

आणि ज्यांच्याकडे पाडायला झोपडीही नाही, ते? त्यांचं नाव परिशिष्टात येत नाही, त्यांची संमती कुणाला लागत नाही, त्यांच्या पथारीवर एफएसआय मिळत नाही. १९८५च्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण पदपथावरून हटवण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. फक्त तो पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगितलं. त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेनं पदपथावरच्या कुटुंबांची पाहणी केली. भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ या आपल्या गटातून बचत सुरू केली आणि घर कसं असावं याचे आराखडे स्वतः मांडले. या शहरातलं घरांचं सर्वांत शहाणं नियोजन मला तिथं दिसतं.

२०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख लोकसंख्येमागे शंभर जणांच्या निवाऱ्याचा आहे. म्हणजे सव्वा कोटीच्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आहेत ते या संख्येच्या जवळपासही नाहीत. महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, आणि बिल्डरांकडून वाढीव एफएसआयवर येणारं अधिमूल्य हा तिच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत आहे. त्या अधिमूल्याचा ठरावीक हिस्सा कायद्यानं दोनच कामांसाठी राखून ठेवावा: न विकता येणारी भाड्याची घरं आणि निवारे. निवारा नाक्याजवळ, मंडईजवळ, स्टेशनजवळ हवा, कारण तिथं काम मिळतं. त्यात नवरा-बायको आणि मुलांना एकत्र राहता आलं पाहिजे. प्रत्येक वॉर्डनं आपल्या वाट्याचे निवारे कुठं, किती खाटांचे आणि कोणत्या तारखेपर्यंत उघडणार, हे अर्थसंकल्पातच लिहून द्यावं.