नियम मोडल्याची किंमत – लेखांक ६ : छताचा कठडा

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून गावं उशिरा झोपलेली. चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव सर्वतोमुखी झालं. पण आजच्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूर, पेठसांगवी ही गावंही त्याच पहाटे भुईसपाट झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे.

अशा वेळी एक प्रश्न हमखास उठतो : हे कोणाच्या पापाचं फळ?

लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात हाच प्रश्न आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण ठार झाले होते. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का? येशूचं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब मांडू नका, स्वतःचं वागणं बदला, असं तो ऐकणाऱ्यांना बजावतो. सास्तूरच्या मृतांकडे बोट दाखवणाऱ्याला बायबलमध्ये आधार सापडत नाही.

आधार सापडतो तो वेगळ्या गोष्टीला. अनुवाद पुस्तकाच्या २२व्या अध्यायात एक साधा नियम आहे : नवं घर बांधाल तेव्हा छताला कठडा करा, कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. इस्राएलातली घरं सपाट छताची, माळवदासारखी. लोक वर झोपत, धान्य वाळवत. म्हणजे बांधकाम हाही शेजारधर्माचाच भाग मानलेला.

आता मराठवाड्यातलं जुनं घर पाहू. भिंत दोन फुटांपासून पुढे, कुठे चार फूट जाड. आत-बाहेर दगडांचे दोन थर, मधे मातीचा भराव, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर लाकडं आणि मातीचा जाड थर. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती पडायची, पिढ्यान्‌पिढ्या ओझं वाढत जायचं. धक्का बसताच भिंतीचे थर सुटे झाले आणि झोपलेल्या माणसांवर दगड-माती कोसळली. लाकडी खांबांवर छत पेललेल्या घरांत भिंती पडल्या तरी छत कित्येक ठिकाणी टिकून राहिलं.

गावकऱ्यांनी घरं वाडवडिलांच्या रीतीने, उन्हापासून आणि चोरांपासून बचाव व्हावा म्हणून बांधली होती. दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. जबाबदारी ठरवताना निर्गमच्या २१व्या अध्यायातला मारक्या बैलाचा नियम उपयोगी पडतो. बैलाने पहिल्यांदाच माणूस मारला तर मालक निर्दोष. पण आधी ताकीद मिळूनही त्याने बैल बांधला नसेल, तर मालक दोषी. किल्लारी परिसरात १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्क्यांची मालिकाच झाली होती. ताकीद मिळाली होती. तरी भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो तिसऱ्या पट्ट्यात आला २००२ साली.

जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यांवर बायबलमधला संदेष्टा यिर्मया आणखी कठोर आहे. मजुरांची मजुरी बुडवून देवदाराचा महाल उभारणाऱ्या यहोयाकीम राजाला त्याने धिक्कारलं. आपल्या काळातही हेच दिसलं : २६ जानेवारी २००१च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांची रचना आणि बांधकाम सदोष होतं. बांधणारे एक आणि मरणारे दुसरेच, हा या नियमभंगाचा सर्वांत क्रूर भाग.

भूकंपानंतर धाराशिव-लातूरच्या गावांचं पुनर्वसन झालं, जुन्या घरांच्या बळकटीकरणाचं कामही झालं. उपाय अवघड नव्हते : भिंतीत आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा, छतावरची माती कमी. वाचकांना विनंती एवढीच, की घराला नवी खोली जोडताना किंवा गावातल्या शाळेची भिंत उभी राहताना गवंड्याला आणि ग्रामपंचायतीला या तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत काम पुढे जाऊ देऊ नका.

(पुढील लेखांकात : नाबोथाचा द्राक्षमळा)