तिरक्या पटाशीचं टोक

सुताराच्या पेटीतल्या पटाशीची धार दांड्याशी काटकोनात असते. खाच पाडायला, बिजागरीची जागा करायला ती उत्तम. पण दारावरच्या पाटीत 'र' उठावदार कोरायला घ्या; त्याचा तिरका पाय जिथून फुटतो, त्या बेचक्यात हिचा कोपरा शिरतच नाही. तिरक्या पटाशीची धार साधारण २० ते ३० अंशांनी कललेली असते, त्यामुळे तिचं पुढचं टोक ६०-७० अंशांचं होतं आणि बेचक्यातली ढलपी स्वच्छ निघते. नक्षीकामाच्या हत्यारांना क्रमांक देण्याची जी शेफील्डची पद्धत आहे, तिच्यात सरळ पटाशी १ आणि ही २.

कोपऱ्याखेरीज तिचा दुसरा गुण कापण्यात आहे. धार तिरकी, त्यामुळे ती लाकडात एकदम न घुसता सरकत जाते. विळीवर टोमॅटो दाबण्याऐवजी सरकवून चिरावा, तसं. लाकडाच्या रेषांना आडवं कापतानाही लाकूड कमी फाटतं.

खरेदीत मात्र फसगत होते. नक्षीच्या पटाशीला दोन्ही बाजूंनी उतार असतो, म्हणून डाव्या-उजव्या दोन्ही कोपऱ्यांना एकच पुरते. एकाच बाजूला उतार असेल, तर जोडी लागते. लेथवर कातकामासाठी मिळणारी तिरकी पटाशी लांब आणि जड असते. ती इथे कामाची नाही.

टोक हीच तिची ताकद आणि तेच तिचं दुखणं. ते लाकडात रुतवून पिळलं की तुटलंच. आधी दोन्ही कडा उभ्या कापून घ्याव्यात, मग टोक पुढे ठेवून ढलपी अलगद उचलावी. लाकूड शिकंज्यात, दोन्ही हात धारेच्या मागे. धार लावताना दांडा नव्हे, धार निसण्याच्या लांबीशी काटकोनात धरायची. टोकावर जोर पडला की ते झिजून गोल होतं. शेवटी पेस्ट लावलेल्या चामड्यावर, धार मागे ओढत घासायची.

पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे सागवानी खांब पाहून कुणी थेट सागवानावर हात टाकतं. सागात सिलिका असते, धार लवकर बोथट होते. सुरुवात शिवणीच्या लाकडावर करा. आणि बारा नगांचा चकचकीत संच घेऊ नका. १२ मिलिमीटरची एक तिरकी पटाशी आणि चांगला निसणा, पहिल्या पाटीच्या कोपऱ्यांना एवढं पुरतं.