पोर्ट आर्थर: चिनी बंदराला इंग्रजी नाव कसं पडलं?

लष्करी इतिहास शिकणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला पोर्ट आर्थर हे नाव भेटतंच. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धातला प्रसिद्ध वेढा इथलाच. बंदर मात्र चीनमधलं. मग नाव इंग्रजी कसं?

हा आजचा लूशुनकौ जिल्हा. लिआओनिंग प्रांतातल्या दालियान शहराचा भाग, लिआओदोंग द्वीपकल्पाच्या टोकाला. चिनी नाव जुनं आहे. १३७१ मध्ये मिंग राजवटीचं सैन्य शानदोंगहून समुद्र ओलांडून इथे सुखरूप उतरलं, म्हणून 'सुखरूप प्रवास' अशा अर्थाचं लूशुन हे नाव पडलं. 'कौ' म्हणजे मुख.

१८६० मध्ये, दुसऱ्या अफू युद्धाच्या वेळी, ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्यम आर्थर एका नादुरुस्त जहाजाच्या दुरुस्तीसाठी या बंदरात आले. त्यांचंच नाव ब्रिटिश नकाशांवर चढलं आणि तिथून जगभर गेलं. टास्मानिया आणि टेक्सासमध्येही पोर्ट आर्थर आहेत, पण ते आर्थर वेगळे.

या बंदराचं महत्त्व काय? व्लादिवोस्तोक हिवाळ्यात गोठायचं, हे गोठत नव्हतं. १८९४ मध्ये जपानने ते जिंकलं. रशिया, जर्मनी आणि फ्रान्सने दबाव आणून ते सोडायला लावलं. १८९८ मध्ये रशियाने तेच बंदर चीनकडून २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं, आणि नाव मात्र इंग्रजीच ठेवलं. जानेवारी १९०५ मध्ये जपानने ते पुन्हा जिंकलं. जपानी लोक तीच चिनी अक्षरं 'र्‍योजुन' अशी वाचत. १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, त्या १९५५ मध्ये गेल्या.

म्हणजे नकाशावर नाव चढवायला एक जहाज पुरलं. ते नाव जगाने वापरलं, पण टिकलं ते तिथे राहणाऱ्यांचंच.

हे आपल्याला का कळायला हवं? चीन २०१७ पासून अरुणाचल प्रदेशातल्या ठिकाणांना स्वतःची नावं देत आहे. २०१७ मध्ये सहा, २०२१ मध्ये पंधरा, पुढेही याद्या आल्याच. भारताने प्रत्येक वेळी त्या फेटाळल्या. परक्याने दिलेल्या नावाने जमीन जात नाही, हे चीन स्वतःच्या इतिहासातून जाणतो. पण नकाशे जग वाचतं. म्हणून आपल्या गावांची, नद्यांची, खिंडींची खरी नावं आपणच बोलली, लिहिली आणि छापली पाहिजेत. जय हिंद!