कळसूबाईला एक रविवार पुरत नाही

भिशीत कुणीतरी कळसूबाईचं नाव काढतं आणि पाच मिनिटांत बेत ठरतो. रविवारी पहाटे निघायचं, शिखर करायचं, रात्रीच्या स्वयंपाकाला घरी हजर! घरच्यांनाही तेच सोयीचं वाटतं. पण मैत्रिणींनो, हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा.

पायथ्याचं बारी गाव अकोले तालुक्यात. शिरूरहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं जायला गाडीने साडेचार-पाच तास धरा. दौंडकडून चौफुला-न्हावरेमार्गे शिरूरला येणाऱ्यांनी त्यात आणखी दीड-पावणेदोन तास मिळवायचे.

आता चढण. महाराष्ट्रातलं हे सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. बारीतून वाट सुमारे साडेसहा किलोमीटरची, चढ सुमारे ८२० मीटरचा. आपल्या सपाट ऊसपट्ट्यात राहून हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही. तीन मीटरचा एक मजला धरा, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे मजले! नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्याप्रमाणे पावणेतीन तास होतात, पण ते न थांबता चालणाऱ्या सराईताचे. आपण चार धरू. वर एक तास, उतरायला तीन.

बेरीज करा. शिरूरकरणींचे अठरा तास, दौंडकरणींचे एकवीसच्या पुढे, आणि यात चहाचा थांबासुद्धा नाही. लोखंडी शिड्यांची भीती सगळ्यांना वाटते. मला जास्त भीती वाटते ती रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरची.

म्हणून घरी रविवार मागू नका, शनिवारची रात्रही मागा. हेच अवघड जातं, माहीत आहे. डोंगर चढायला 'हो' म्हणणारं घर मुक्कामाला 'कशाला?' म्हणतं. तेव्हा हा कागद पुढे ठेवा. आल्प्समध्ये गिर्यारोहण संस्थांनी शिखरांच्या अलीकडे मुक्कामाच्या झोपड्या बांधल्यात, त्या याचसाठी. बारीत गावकऱ्यांच्या घरी जेवणाची, झोपण्याची सोय होते, आधी फोन करून ठरवावी. कळसूबाईचीही एक कथा सांगतात. ती कामाला राहिली तीच अट घालून, की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. अट मोडली तशी ती डोंगरावर निघून गेली. आपण फक्त एक रात्र मागतोय!

पावसाळ्यात नवख्यांनी जाऊच नये; खडक निसरडा, शिड्या ओल्या, धुक्यात वाट दिसत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. महिनाभर आधी जिने चढा-उतरायला लागा. दौंडकडच्यांना यवतहून भुलेश्वरचा डोंगर जवळ आहे. उतरण्याचा सराव जास्त करा, गुडघे तिथेच बोलतात. हातात काठी असू द्या.

सकाळी सहाला चालायला लागा आणि बारा ही परत फिरायची वेळ ठरवून ठेवा, शिखर समोर दिसत असलं तरी. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते. कुणाला जमेना तर तिच्यासोबत कोण परतणार, हेही आदल्या रात्रीच ठरवा. ऐन चढावर ते विचारलं की सगळ्याच गप्प बसतात, आणि जिचा गुडघा दुखतोय ती 'मी येते गं' म्हणून ओढत राहते.

ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट बांधा, शिडीत अडकते. पाणी प्रत्येकी तीन लिटर. वाटेत आडोसा मिळेल न मिळेल म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही आपली जुनी खोड. चढावर तिने चक्कर येते. निघण्याआधी बारीतच जाऊन घ्या. पॅड आणि कागदी पिशवी सोबत ठेवा, वापरलेलं खाली आणा.

परतीला राजूरला पेढ्यांसाठी सगळ्या उतरणारच. अर्धा तास तिथला धरा.