उल्हास-बारवीच्या काठची सहल आणि काठावरचा शेतकरी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर आणि अंबरनाथ मागे पडले, की प्रदेशाचे रूप हळूहळू बदलू लागते. एका अंगास मलंगगड व चंदेरी यांची डोंगररांग, दुसऱ्या अंगास उल्हास नदीचे सखल खोरे, आणि या दोहोंमध्ये भाताची खाचरे, अशी येथील रचना आहे. मुंबई-ठाण्यासारख्या दाट वस्तीपासून थोड्याच वेळात येथे पोहोचता येत असल्याने पावसाळ्यातील प्रत्येक सुटीच्या दिवशी बदलापूर स्थानकावर सहलीसाठी आलेल्या मंडळींची गर्दी होते. कोंडेश्वरचा धबधबा, बारवी धरणाचा परिसर व उल्हास नदीवरील बंधारा ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. या पाहुण्यांच्या येण्याने काठच्या शेतकऱ्यास आजवर लाभापेक्षा उपद्रवच अधिक झाला आहे. परंतु हे असेच चालले पाहिजे असे नाही. पाणी पाहावयास येणारा मनुष्य पाण्याचा स्वभाव जाणत नाही आणि काठावर राहणारा जाणतो, ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्यांना पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे.

प्रथम या नद्यांविषयी. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूस सह्याद्रीत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या मार्गाने येऊन पुढे वसईच्या खाडीस मिळते. कोकणातील बहुतेक नद्या फाल्गुन-चैत्रात आटतात, परंतु उल्हास वैशाखातही वाहती असते. याचे कारण घाटापलीकडे आहे. सन १९२२ मध्ये सुरू झालेल्या भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात आंद्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटाखाली आणले जाते, आणि वीज निर्माण झाल्यावर ते उल्हास नदीत सोडले जाते. जे पाणी इंद्रायणी, भीमा व कृष्णा यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास गेले असते, ते अशा रीतीने आपल्या काठच्या भेंडी-काकडीच्या वाफ्यांना उन्हाळ्यात मिळते. पाहुण्यास ही हकीकत सांगावी. नदीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते, असा अनुभव आहे.

बारवी ही उल्हासची उपनदी. तिच्यावरील धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सन १९७२ मध्ये बांधले व पुढे त्याची उंची वाढविण्यात आली. उद्योग आणि आसपासची शहरे यांस त्याचे पाणी जाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जलाशय काठोकाठ भरला व सभोवतालचे रान हिरवेगार झाले, म्हणजे तो देखावा खरोखर मनोहर असतो. मात्र त्या पाण्याखाली तोंडली, काचकोली, मोहघर यांसारख्या गावांची घरे व शेते गेली आहेत, याचीही पाहुण्यांना जाणीव असणे योग्य ठरेल.

आता धोक्यासंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. कोंडेश्वर येथे बुडून मृत्यू होण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत, आणि पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अशा स्थळी जाण्यास मनाई करणारे आदेशही काढीत असते. तरीही लोक जातात. मरणारे बहुधा पोहणे न येणारेच असतात असा समज आहे, पण तो पुरता खरा नाही. धबधब्याच्या तळाशी पाण्याच्या माऱ्याने खडकात रांजणासारखा खोल कुंड तयार झालेला असतो. वरून पडणारे पाणी तेथे खाली जाऊन पुन्हा उलटे वर फिरते व पोहणाऱ्यास काठाकडे येऊ न देता धारेखालीच ओढीत राहते. शिवाय त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने शरीर तरंगण्यास नेहमीसारखा आधार मिळत नाही. काठचा कातळ शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. बंधाऱ्यावरून पाणी कोसळते तेथेही खालच्या बाजूस हाच प्रकार घडतो, किंबहुना तेथे पाणी उथळ व शांत दिसत असल्याने फसगत अधिक होते.

दुसरी गोष्ट लोंढ्याची. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि चंदेरीच्या किंवा घाटमाथ्याच्या बाजूस मुसळधार पाऊस कोसळत असतो. ते पाणी काही वेळाने एकदम खाली येते. गावच्या जाणत्या माणसास त्याची लक्षणे ठाऊक असतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होते, त्यावर पालापाचोळा व काटक्या वाहत येऊ लागतात, आणि वरच्या अंगाने घुमल्यासारखा आवाज येतो. यांपैकी एकही खूण दिसताच सामान तेथेच टाकून उंच जागी निघून जावे, हे पाहुण्यांना अगोदर सांगून ठेवावयास हवे. ओढा ओलांडून पलीकडे बसलेल्यांनी परतण्यासाठी तो पुन्हा ओलांडण्याचा प्रयत्न करू नये; पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच थांबावे. बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याची पातळी ७२.६० मीटरपर्यंत पोहोचली, की ते आपोआप उघडतात. त्यासाठी कोणी भोंगा वाजविण्याची वाट पाहत नाही. म्हणून धरण भरत आले असल्याचे वर्तमान कळताच खालच्या नदीपात्रात माणसे व गुरे जाऊ देता कामा नयेत.

उल्हास नदी किती चढू शकते याचे उदाहरण फार जुने नाही. दिनांक २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. बदलापूर येथे नदीची इशारा पातळी १६.५० मीटर व धोक्याची पातळी १७.५० मीटर धरली जाते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पावसाळ्यात हे दोन आकडे व त्या दिवशीची पातळी रोज लिहून ठेवण्यास खडूच्या तुकड्याखेरीज काहीही खर्च येत नाही.

कोणी बुडत असल्यास त्याच्यामागे उडी टाकण्याचा मोह आवरावा. बुडणारा मनुष्य वाचविणाऱ्यासच घट्ट धरतो व दोघेही जातात. नदीकाठच्या प्रत्येक वाडीत एक लांब सुताचा किंवा नायलॉनचा दोर आणि बूच घट्ट बसविलेला वीस लिटरचा रिकामा कॅन एकत्र बांधून ठेवावा. असा कॅन फेकला असता त्याला धरून एक मनुष्य सहज तरंगत राहू शकतो. ट्रॅक्टरच्या चाकातील हवा भरलेली ट्यूब असेल, तर अधिकच चांगले. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, परंतु डोंगराच्या कुशीत दूरध्वनीची लहर सर्वत्र मिळते असे नाही. ती कोठे मिळते ती जागा गावकऱ्यांनी आधीच हेरून ठेवावी.

शेतकऱ्याचे नुकसान कसे होते, हे शहरातील माणसाच्या लक्षात येत नाही. त्याला खाचराचा बांध ही पायवाट वाटते. जुलैत बांध मऊ असतो, दहा माणसे एकामागून एक त्यावरून गेली की तो खचतो, खाचरातील पाणी निघून जाते आणि त्याबरोबर टाकलेले खतही. दारूच्या बाटल्या फोडून टाकण्याची वाईट खोड काहींना असते. ती काच चिखलात दडते आणि लावणीस उतरलेल्या बायांचे पाय कापतात. ओल्या शेतात अशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग जडण्याचे भय असते. यावर केवळ फलक लावून भागत नाही. ज्या गावांनी वाहने थांबविण्याची जागा, धबधब्याकडे जाण्याची एकच वाट व कचऱ्याची टोपली यांची व्यवस्था करून अल्प शुल्क आकारले, त्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो. लोकांना वाट आखून दिली म्हणजे ते बहुधा त्या वाटेनेच जातात.

याहून चांगला उपाय म्हणजे पाहुण्यास धबधब्याऐवजी शेतावर नेणे. भाताची लावणी पाहण्याची व स्वतः करून पाहण्याची हौस शहरातील मुलांना मोठी असते. त्यांच्यासाठी एक लहानसे खाचर वेगळे ठेवावे, कारण नवखा मनुष्य रोप फार खोल खोचतो व एका चुडात दहा-बारा काड्या घालतो. चारसूत्री पद्धतीने १५ व २५ सेंटिमीटरच्या खुणा केलेला दोर लावून द्यावा, प्रत्येक चुडात दोन-तीनच रोपे व तीही वरवर लावावयास सांगावे, आणि दर चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबण्याचे काम मुलांकडे द्यावे. हे काम त्यांना फार आवडते. अशा खाचराचे पीक अगदीच वाया जात नाही.

या भागाचे खरे आकर्षण मात्र जांभूळ आहे, असे माझे मत आहे. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि अंबरनाथनजीक एका गावाचे नावच जांभूळ आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पाऊस स्थिर होईपर्यंत, एवढाच काय तो हंगाम. फळ अतिशय नाजूक असल्याने एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही व दूरच्या बाजारात पाठविताना चेचते. जे फळ ग्राहकाकडे नेता येत नाही, त्याच्याकडे ग्राहकास आणणे हाच शहाणपणाचा मार्ग होय, आणि येथे ग्राहक आगगाडीने आपण होऊन येतो. झाडावर पाहुण्यास चढू देऊ नये. जांभळाचे लाकूड ठिसूळ असते व हिरवी दिसणारी फांदीही अवचित मोडते. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळे चौघांनी धरून फांदी हलविली म्हणजे पिकलेली फळे न चेचता मिळतात आणि पाहुण्यांना गंमतही वाटते. उरलेल्या फळांचे सरबत व बियांची पूड करता येते. इमारतींच्या वाढीत बदलापूरची कितीतरी जुनी झाडे तुटली आहेत. नवी लागवड करणाऱ्याने बियांपासून वाढविलेल्या रोपाऐवजी कलम घ्यावे. रोपास फळ येण्यास आठ-दहा वर्षे लागतात, कलम त्याच्या जवळजवळ निम्म्या काळात धरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ ही जात उपलब्ध आहे. परंतु स्वतःच्या गावात एखादे उत्तम, मोठ्या गराचे जुने झाड असेल, तर त्याच्या काड्यांवरून कलमे बांधून घेणे अधिक श्रेयस्कर, कारण मानांकन त्या स्थानिक फळाचे आहे. दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवावे.

पावसाच्या आरंभी आदिवासी भगिनी शेवळी, टाकळा, कुर्डू, कंटोली इत्यादि रानभाज्या स्थानकाबाहेर विकावयास आणतात. शहरी गिऱ्हाइकास शेवळ्यांचे कुतूहल असते, पण काकडांची फळे बरोबर न घातल्यास घसा खाजतो हे त्यास माहीत नसते. भाजीच्या जुडीबरोबर मूठभर काकडे व करण्याची रीत सांगितली, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यास पुन्हा येते.

सहलीचा काळ पावसाळाच, ही समजूतही सोडून द्यावयास हवी. नवरात्रापासून महाशिवरात्रीपर्यंत नदी निवळशंख असते, वाटा कोरड्या असतात आणि जिवास धोका फारच कमी. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल पौष-माघात शेंगांवर येतो, तेव्हा पोपटी लावता येते. मडक्यात तळाशी व तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ व ओवा घालून, पाण्याचा थेंबही न टाकता, मडके पालथे ठेवून भोवती जाळ करावयाचा. एरवी ओल्या शेंगा मिळेल त्या भावाने विकाव्या लागतात. त्याच शेंगा चांदण्या रात्री शेतावर भाजून पाहुण्यांस वाढल्या, तर मोल पुष्कळच वाढते.

सहलीस आलेल्यांना अंबरनाथचे शिवमंदिर दाखविल्यावाचून परत पाठवू नये. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन देवालय वालधुनीच्या काठी उभे आहे. गाभारा भूपातळीच्या खाली असून पायऱ्या उतरून जावे लागते, आणि बाहेरील भिंतींवरील कोरीव काम पाहण्यास सकाळचे तिरपे ऊन चांगले.

परंतु तेथे गेल्यावर नदीकडेही पाहावे. काकोळे गावाजवळ, जेथे जुन्या रेल्वे कंपनीने बांधलेला जीआयपी तलाव आहे, तेथे हेच पाणी स्वच्छ असते. देवळापासून पुढे कारखान्यांचे सांडपाणी व वस्तीची गटारे मिळत गेल्याने उल्हासनगरपर्यंत त्याचा नाला झालेला आहे. सन १९४७ च्या फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव देण्यात आले. त्याच नगरात नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेल्यामुळे शेकडो रहिवाशांना वायूची बाधा झाली. आज वालधुनीच्या खालच्या भागात कोणी सहलीस येत नाही, आणि त्या पाण्यावर भाजी करावी असा सल्ला कोणताही कृषी अधिकारी देणार नाही. रात्रीच्या वेळी नदी-ओढ्याच्या पुलावर टँकर उभा दिसल्यास त्याचा क्रमांक टिपून पोलीस व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना तत्काळ कळवावे. असे टँकर बहुधा निर्जन पूल शोधतात, आणि बदलापूरच्या वरच्या बाजूस निर्जन पूल अजून पुष्कळ आहेत.

ज्या शेतकऱ्यांना पाहुण्यांची व्यवस्था नियमितपणे करावयाची आहे, त्यांच्यासाठी राज्य शासनाने सन २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. सातबारा उतारा हाताशी ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. नोंदणीपूर्वी दोन गोष्टींची तयारी असावी. बायकांसाठी स्वच्छ शौचालय, आणि पिण्याचे उकळलेले किंवा औषध टाकलेले पाणी. खोल्या नंतर बांधता येतात. एका दिवसाच्या सहलीस आंब्याखालची सावली पुरते. जांभळाच्या हंगामात प्रारंभ करावयाचा असेल, तर ही तयारी एप्रिलअखेर संपविणे अवश्य आहे.