दूध, ब्रेड, अंडी आणि काडतुसांचा एक डबा

२०२४च्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकेत अलाबामा, ओक्लाहोमा आणि टेक्सासमधल्या काही किराणा दुकानांत एक नवं मशीन येऊन उभं राहिलं. दिसायला कोल्ड्रिंकच्या मशीनचा थोरला भाऊ. स्क्रीनवर बोट टेकवायचं, ओळखपत्र स्कॅन करायचं, कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. ओळखपत्रावरचा माणूस तो हाच आणि त्याचं वय २१च्या वर, एवढी खात्री मशीन करून घेतं आणि डबा बाहेर देतं. डब्यात वेफर्स नसतात. काडतुसं असतात.

आपल्याला हे वाचून धक्का बसतो. पण मशीन बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की, उलट हेच जास्त सुरक्षित! दुकानात काउंटरवरचा पोरगा ओळखपत्र नीट बघेल की नाही कुणी सांगावं, मशीन बघतंच. आणि गंमत म्हणजे, तिथला कायदा बघितला तर कंपनीचं म्हणणं अगदीच चूक नाही.

कारण देशपातळीवरच्या कायद्यात काडतुसं विकत घ्यायला फॉर्म नाही आणि पोलिसांकडे चौकशीही नाही. १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनं वयाची अट घातली: रायफल आणि शॉटगनची काडतुसं १८ पूर्ण असेल तर, पिस्तुलाची २१ पूर्ण असेल तर. पूर्वी पिस्तुलाची काडतुसं कुणी नेली याची नोंद दुकानदाराला ठेवावी लागायची. १९८६ मध्ये तीही गेली. बहुतेक राज्यांत काडतुसांचा खोका ऑनलाइन मागवला तर कुरियरवाला दारात आणून देतो.

बंदुकीचं तसं नाही. परवानाधारक दुकानात गेलात तर ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा. गुन्हा केलाय का, घरात मारहाण केल्याची शिक्षा झालीये का, देशात कुठल्या व्हिसावर आहात, असे प्रश्न. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो. बऱ्याचदा काही मिनिटांत उत्तर येतं. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊन टाकू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळालं ते असंच, उत्तर वेळेत न आल्यामुळे. शिवाय ही सगळी चौकशी दुकानापुरती. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला बंदूक विकली तर देशाचा कायदा विचारत नाही. काही राज्यं विचारतात, बाकीची नाही.

आणि कुणाकडे किती बंदुका आहेत याची यादी? नाहीच. १९८६च्याच कायद्यानं सरकारला अशी यादी करायला मनाई केली. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एक सरकारी केंद्र आहे. बंद पडलेल्या बंदूक दुकानांचे कागद तिथं खोक्यांनी येतात. ते स्कॅन होतात, पण नाव टाकून शोधता येईल असं काही त्यावर करायचं नाही. गुन्ह्यातली बंदूक कुणाची हे शोधायला गुगलच्या देशात माणसं पानं उलटत बसतात. आपल्या तलाठी कार्यालयाला नावं ठेवताना हे जरा लक्षात ठेवा!

हे सगळं इतकं सैल का, याचं उत्तर १७९१ मध्ये आहे. राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती तेव्हाची. शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क, असं तिच्यात म्हटलंय. तो हक्क नेमका कुणाचा, लोकसेनेचा की एकेकट्या माणसाचा, यावर दोनशे वर्षं वाद चालला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एकेकट्याचा. २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात सांगितलं की घराबाहेर घेऊन फिरण्याचाही. आपल्याकडे बंदुकीचा परवाना मागताना 'मला का हवीय' हे पोलिसांना पटवून द्यावं लागतं. परवान्यावर २०१९ पासून जास्तीत जास्त दोन बंदुका, आणि किती काडतुसं घ्यायची तेही लिहिलेलं. तिथं उलटं आहे. 'तुला का द्यायची नाही' हे सरकारनं दाखवायचं.

मग आकडे तसेच असणार. २०१८ मध्ये स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेनं अंदाज काढला: अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका. म्हणजे दर शंभर माणसांमागे १२०. तान्ही बाळं धरून! पण त्या सगळ्यांकडे नाहीत. प्यू रिसर्चच्या २०२३च्या पाहणीत साधारण ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं. म्हणजे ज्यांच्याकडे आहे, त्यातल्या अनेकांकडे एकावर भागत नाही. का बाळगता, यावर ७२ टक्के मालकांचं मोठं कारण एकच: स्वसंरक्षण.

पण नुसती भीती म्हणून सोडून दिलं तर ही माणसं कळत नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायचा त्या दिवशी शाळांना सुट्टी द्यायची जुनी पद्धत होती. आजोबांची रायफल नातवाकडे येते. सुट्टीच्या दिवशी बापलेक रेंजवर जातात, टार्गेटचा कागद घरी आणून फ्रीजवर लावतात. आपल्याकडे बुलेट किंवा आरएक्स हंड्रेडवाल्यांचे ग्रुप असतात ना, कुठला कार्बोरेटर आणि कुठला सायलेन्सर यावर तासन् तास बोलणारे, तसाच प्रकार.

त्यांच्यासमोर तुम्ही 'गोळी' म्हणालात की लगेच दुरुस्ती होते. गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा. पूर्ण वस्तू म्हणजे काडतूस: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी चिमुकली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. आणि एआर-१५ मधला 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मलाइट या मूळ कंपनीचं नाव, हेही ऐकून घ्यावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ आणलं ते ५० मीटर रायफलमध्ये. त्या प्रकारात लागतं पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस. नेमकं तेच अमेरिकेतलं सगळ्यात घरगुती काडतूस: छोटं, स्वस्त, पोरांना शिकवायला सगळ्यांचं आवडतं.

आणि तरीही ते एकदा बाजारातून गायब झालं होतं.

काडतुसांचा दुष्काळ

डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. ओबामा सरकार कायदा कडक करणार अशी चर्चा सुरू झाली. बंदूकवाले दुकानांकडे धावले. पॉइंट टू-टूवर बंदी घालायचा प्रस्ताव कुणीच मांडला नव्हता. पण शेजारचा दहा डबे घेतोय म्हटल्यावर आपण वीस घ्यायचे. दुकानांनी 'एका गिऱ्हाइकाला इतकेच डबे' अशा पाट्या लावल्या. पहाटे माल उतरायच्या वेळी लोक दारात हजर. रॉकेलच्या रांगा ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. साठा करणाऱ्यांमुळे टंचाई आणि टंचाईमुळे साठा.

२०२० मध्ये याचाच मोठा भाग आला. कोरोना, रस्त्यावरची आंदोलनं, वर निवडणूक. त्या वर्षी बंदूक खरेदीच्या यंत्रणेत ३ कोटी ९७ लाख चौकशा झाल्या. सगळ्याच चौकशा खरेदीच्या नसतात, पण तोवरचा तो उच्चांक होता. नव्या मालकांना काडतुसंही हवीच. वीस सेंटच्या आसपास मिळणारं नाइन एमएमचं काडतूस पाऊण डॉलरच्या वर गेलं. त्यात रेमिंग्टन ही दोनशे वर्षं जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तिचा आर्कान्सामधला काडतुसांचा कारखाना विकला गेला. खरी अडचण मात्र त्या चिमुकल्या टोपीची होती. प्रायमर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या अमेरिकेत बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या आधी स्वतःच्या काडतुसांना पुरवणार. त्यामुळे रिकाम्या पुंगळ्या जमवून गॅरेजमध्ये पुन्हा भरणारे काटकसरी हौशी आधी अडकले. पुंगळ्या आहेत, दारू आहे, टोपी नाही! २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने बंद झाले आणि स्वस्तातला एक मार्गही मिटला.

या धंद्याचं एक भारी गणित आहे. बंदुकीच्या बाजूचा नेता निवडून आला की विक्री पडते. २०१६ मध्ये ट्रम्प जिंकले, भीती संपली, माल पडून राहिला. रेमिंग्टन पहिल्यांदा दिवाळखोरीत गेली ती २०१८ मध्ये, त्यांच्याच काळात.

राज्याराज्यांत तर एवढा फरक की सीमा ओलांडली की देश बदलल्यासारखं. कॅलिफोर्नियानं जुलै २०१९ पासून काडतुसं घेतानाही चौकशी सक्तीची केली आणि ते प्रकरण कोर्टात गेलं. इलिनॉयमध्ये काडतूस हवं तरी आधी राज्याचं कार्ड काढावं लागतं. टेक्सासमध्ये २०२१ पासून पिस्तूल घेऊन फिरायला परवानाच लागत नाही. २०१९ मध्ये एल पासोच्या दुकानातल्या गोळीबारानंतर वॉलमार्टनं पिस्तुलांची काडतुसं विकणं थांबवलं. शिकारीची विकतंच.

हौस एका बाजूला. दुसऱ्या बाजूला २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीनं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बातमीत शाळेतला गोळीबार येतो, घरातल्या कपाटातलं पिस्तूल येत नाही. आणि १८ वर्षांच्या पोराला तिथं दुकानात बिअर मिळत नाही, पिस्तूल मिळत नाही. रायफल मात्र मिळते. उवाल्डेत मे २०२२ मध्ये १९ मुलं आणि दोन शिक्षिकांना मारणाऱ्यानं १८ पूर्ण होताच रायफली आणि शेकडो काडतुसं कायदेशीर विकत घेतली होती. वयाच्या बाबतीत त्यानंतर कायदा बदलला तो इतकाच की २१च्या आतल्या गिऱ्हाइकाची चौकशी जास्त खोलात होते.

एमएसला जाताय?

मग हे तुमच्यासाठी. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारक माणूस वर्गात कपड्याआड पिस्तूल ठेवू शकतो. तो कायदा लागू झाला १ ऑगस्ट २०१६ ला. बरोबर ५० वर्षांपूर्वी त्याच तारखेला ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या टॉवरवरून गोळीबार झाला होता. रात्री पत्ता शोधताना अनोळखी घराच्या आवारात गाडी घालू नका. एप्रिल २०२३ मध्ये एकाच आठवड्यात चुकीच्या दाराची बेल वाजवली म्हणून कॅन्सास सिटीत १६ वर्षांच्या मुलावर गोळी झाडली गेली, आणि चुकीच्या आवारात गाडी वळली म्हणून न्यूयॉर्क राज्यात २० वर्षांची मुलगी मेली. मुलगा वाचला.

आणि तो रेंजवरचा फोटो! रूममेटचा अमेरिकन मित्र म्हणतो, चल रे, एकदा चालवून बघ. एफ-१ किंवा एच-१बी व्हिसावर असाल तर देशाच्या कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. रेंजवर भाड्यानं घेतलेली बंदूकही त्यात धरतात. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, व्हिसाचं काय होईल ते वेगळं. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही. व्हिसावाल्यासाठी सगळ्यात माहितीतली सवलत म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना. तो खिशात असेल तर चालतं. शिकार करायलाच हवी असं नाही, कागद हवा. हा नियम विनोदी वाटेल, पण लिहिलेला आहे.

परत येताना बॅग मात्र नीट झटका. आठवण म्हणून ठेवलेलं किंवा सॅकच्या तळाशी विसरलेलं एक जिवंत काडतूस एअरपोर्टच्या स्कॅनरवर दिसतं, आणि आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो. असे बरेच गुन्हे पुढे हायकोर्टानं रद्द केलेत, काडतूस बॅगेत आहे हे माणसाला माहीतच नव्हतं म्हणून. पण तोवर विमान सुटलेलं असतं, वकील लागलेला असतो आणि पासपोर्टच्या पडताळणीत 'गुन्हा दाखल आहे का?' या रकान्यात 'हो' लिहावं लागतं. मित्राची सॅक उसनी घेतली असेल, तर तिचे बाजूचे छोटे कप्पेही उघडून बघा.