तांदूळ, भात आणि खिशातला जपानी शब्दकोश

- प्रतिनिधी

मालाडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातील मोबाइलवर परकी भाषा शिकणे आता नवलाचे राहिलेले नाही. जपानी भाषेचे आकर्षण तर विशेष वाढले आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले; जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांना जपानमध्ये पाठविण्यासंबंधी उभय देशांत सहकार्य करार झाला. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याची पहिली गरज म्हणजे चांगला शब्दकोश. मोबाइलवरील असा कोश तयार कसा होतो आणि तो मराठीतून हवा तर अडचण नेमकी कोठे येते?

दोन लाख नोंदींचा पाया

बहुतेक जपानी कोश-अॅपच्या मुळाशी एकच शब्दसंग्रह आढळतो. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाचे जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून तो वाढला. 'जेएमडिक्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात आज दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. मूळ स्रोताचा उल्लेख करावा आणि त्यावर आधारलेला संग्रहही त्याच अटींवर खुला ठेवावा, एवढ्या बोलीवर तो कोणालाही वापरता येतो. संपूर्ण संग्रह मोबाइलमध्येच साठविता येत असल्याने गाडीत नेटवर्क गेले तरी शब्द सापडतो.

शब्द शोधायचा कसा?

खरी कसोटी शोधण्याची असते. मराठी कोशात 'गेला' शोधून उपयोग नाही, 'जाणे' पाहावे लागते. जपानीतही तसेच आहे. 'ताबेमाशिता' (खाल्ले) किंवा 'ताबेताकुनाकात्ता' (खावेसे वाटले नाही) ही रूपे कोशात नसतात. 'ताबेरु' हे मूळ क्रियापद असते. प्रत्यय टप्प्याटप्प्याने काढून मूळ रूपापर्यंत पोहोचण्याचे नियम प्रोग्रॅममध्ये घालावे लागतात.

दुसरा अडथळा चित्रलिपीचा. नित्य वापरासाठी जपान सरकारने २०१० मध्ये निश्चित केलेल्या यादीत २,१३६ कांजी अक्षरे आहेत. अक्षराचा उच्चारच ठाऊक नसेल तर ते टाइप कसे करणार? म्हणून अक्षराच्या घटकांवरून शोधण्याची सोय दिलेली असते. 'माणूस' आणि 'झाड' हे दोन घटक निवडले की विश्रांतीचे अक्षर समोर येते. झाडाला टेकलेला माणूस!

मराठीची जमेची बाजू

या कोशाचे अर्थ इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, हंगेरियन आदी भाषांत मिळतात. त्यांत मराठी नाही. परिणामी मराठी विद्यार्थी इंग्रजीच्या वळणाने जपानीकडे जातो आणि वाटेत बरेच काही सांडते. जपानीत 'कोमे' म्हणजे तांदूळ आणि 'गोहान' म्हणजे भात. इंग्रजी दोहोंना 'राइस' म्हणून मोकळी होते. थोरल्या आणि धाकट्या भावासाठी जपानीत स्वतंत्र शब्द आहेत. 'दादा' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो भेद समजावून सांगावा लागत नाही, इंग्रजीतील 'ब्रदर' मात्र तो पुसून टाकतो.

लिपीही साथ देते. जपानी वर्णांचा अ-क-स-त-न-ह-म-य-र-व हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला, असे अभ्यासक मानतात. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर, हा फरक आपली ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी सहज दाखविते. परंतु 'ओबासान' (काकू, मावशी) आणि 'ओबाऽसान' (आजी) यांतील लांब 'आ'साठी स्वतंत्र खूण ठरवावी लागेल. अन्यथा काकूंना आजी संबोधण्याचा प्रसंग ओढवायचा!

काम कोणाचे?

तंत्र उपलब्ध आहे, मूळ शब्दसंग्रह खुला आहे. उणीव आहे ती मराठी अर्थ लिहिणाऱ्या हातांची. यंत्राकरवी इंग्रजी अर्थांचे मराठीकरण केले, तर 'राइस'चा घोळ तसाच उतरेल. त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारे जाणकारच हवेत. मुंबई-पुण्यात जपानी शिकविणाऱ्यांची परंपरा आहे. वीस जणांनी रोज दहा शब्दांचे अर्थ लिहिले तर महिन्यात सहा हजार नोंदी होतील. प्रारंभिक विद्यार्थ्याला तेवढ्या पुरेशा आहेत. तपासणीला याहून अधिक वेळ लागेल, हे खरे. परंतु मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. कोश एका दमात पुरा होत नसतो. तो कोणीतरी सुरू करावा लागतो.